गुडघ्याचा दोष की क्रँकचा?

फुटाळ्यावर सकाळी सायकल घेऊन येणाऱ्यांत पन्नाशीच्या बायकाही असतात. कित्येकींना डॉक्टरांनीच सांगितलेले असते, गुडघे दुखतात तर सायकल चालवा. सल्ला योग्यच. पण महिन्याभराने एखादी म्हणते, ‘सायकलनेच जास्त दुखायला लागलं.’ मग सायकल अंगणात उभी, तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल.

वयाला दोष देण्याआधी क्रँक पाहा. पायडल ज्या दांड्याला लागते तो क्रँक. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना तो १७० मिलिमीटरच्या आसपास असतो. आकडा बरेचदा आतल्या बाजूला कोरलेला सापडतो. सहा फुटी पुरुष असो की पाच फुटी बाई, माप जवळपास तेच!

क्रँक १० मिलिमीटर आखूड केला, तर तळाशी पायडल तेवढे वर येते, म्हणून सीटही तेवढी वर घ्यावी लागते. वरच्या टोकाला मात्र पायडल १० मिलिमीटर खाली येते. म्हणजे पाय वर येताना सीट आणि पायडल यांत २० मिलिमीटर जास्त जागा मिळते. गुडघा कमी वाकतो. जास्त वाकलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटीमागचा दाब वाढतो, त्यामुळे हा फरक लहान नाही. पोट सुटलेल्या पुरुषांनाही हे लागू आहे. त्यांची मांडी पोटाला अडते, ते सांगत नाहीत एवढेच.

ताकद कमी पडेल का? जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिर्डुसो यांनी २००१ मध्ये १२० ते २२० मिलिमीटरचे क्रँक तपासले. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीत कमाल शक्तीचा फरक जेमतेम ४ टक्के निघाला. तरफ आखूड झाल्याने त्याच गिअरवर जोर थोडा जास्त लागतो, हे खरे. गिअर हलका करून पाय जरा भरभर फिरवले की भागते. बिनगिअरच्या सायकलवर सेमिनरी हिल्सचा चढ मात्र जाणवेल. १७६ सेंटिमीटर उंचीचा तादेय पोगाचार २०२४ मध्ये १६५चा क्रँक वापरत होता. मग पाच फुटी बाईला १७० कशासाठी?

डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्यांचे हे शहर. इथल्या दुकानात रंग, गिअर, डिस्क ब्रेक यांवर अर्धा तास बोलणे होते, क्रँकचा विषय निघत नाही. १५५-१६०चे क्रँक दुकानदारांनी ठेवायला हवेत आणि गिऱ्हाइकांनी मागायला हवेत.

पण खर्च करण्याआधी सीट तपासा. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून अनेक जण ती खालीच ठेवतात. पायडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. तेवढे करूनही दुखत असेल, तर जुना क्रँक सोबत घेऊन दुकानात जा, कारण बसवायचे खाचे सगळ्यांचे सारखे नसतात. आणि गुडघा सुजत किंवा अडकत असेल, तर आधी डॉक्टरांकडे.