रीस्टार्टच्या आधी

"नेट बंद पडलंय, लवकर या" असा फोन आला की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते "राउटर एकदा बंद करून चालू करा" हेच. पुष्कळदा नेट सुरू होते, ग्राहक आभार मानतो आणि कॉल क्लोज होतो. सर्व्हिस रिपोर्टवर ओळ पडते: ‘राउटर रीस्टार्ट केला, सुरळीत.’ आमचा आक्षेप या ओळीला आहे. आपण काय केले ते तिच्यात आहे, काय बिघडले होते ते नाही. शिवाय ते कळण्याची वाटही रीस्टार्टने बंद केलेली असते. बहुतेक लहान राउटर आपला लॉग रॅममध्येच ठेवतात. वीज गेली की तो पुसला जातो.

नेहमी आढळणारा एक बिघाड पाहा. सी.ए.चे कार्यालय, वीस-पंचवीस संगणक. आतल्या केबिनमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणतो आणि भिंतीतल्या पॉइंटची केबल त्याच्या लॅन पोर्टात खोचतो. आता एकाच नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारे दोघे झाले. ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता संगणक घेतो. ज्यांना जुन्या राउटरने पत्ता दिला त्यांचा गेटवे चुकीचा, म्हणून त्यांना नेट नाही. शेजारच्या टेबलावर मात्र सगळे व्यवस्थित. तक्रार येते ती ‘नेट येते-जाते’ अशी. संगणक रीस्टार्ट केला तर या खेपेला योग्य राउटरचे उत्तर आधी येऊ शकते, आणि आपल्याला वाटते की काम झाले. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार दुसऱ्या टेबलावरून येते. हे आठवडेच्या आठवडे चालते. तोवर केबल बदलून होतात, अँटिव्हायरस काढून होतो, इंटरनेटवाल्याशी भांडून होते.

खरे तर ज्याला नेट नाही त्याच संगणकावर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ दिले तर डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत अनोळखी पत्ता समोर उभा असतो. एआरपीच्या तक्त्यातून त्याचा मॅक पत्ता मिळतो, मॅनेज्ड स्विच असेल तर त्यावरून पोर्ट. साधा स्विच असेल तर त्या पत्त्याला पिंग चालू ठेवायचा आणि एकेक केबल काढत जायची. जी काढल्यावर उत्तर थांबेल तिच्या टोकाला तो राउटर. अट एवढीच की हे बिघाड चालू असतानाच करायला हवे. रीस्टार्टनंतर त्या संगणकावर पाहण्यासारखे काही उरलेले नसते.

दुसरा बिघाड याहून फसवा. पीपीपीओई जोडणीत पॅकेटच्या १५०० बाइटांपैकी ८ त्या प्रोटोकॉललाच लागतात, उरतात १४९२. मोठे पॅकेट पुढे जात नसेल तर मधला राउटर आयसीएमपीतून ‘लहान करून पाठव’ असा निरोप देतो. वाटेत कुणी सुरक्षिततेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी अडवलेले असले की हा निरोप पोचत नाही. सुरुवातीची पॅकेट लहान असल्यामुळे जोडणी जुळते, पण पहिले मोठे पॅकेट निघाले की पान नुसते फिरत राहते. पिंग उत्तम, दहा साइट उघडतात, अकरावी उघडत नाही. तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटांचा पिंग अडला आणि १४६४ चा गेला, तर निदान झाले. प्रत्यक्षात काय होते? ग्राहक नवा राउटर विकत घेतो, त्यात एमएसएस क्लॅम्पिंग आधीपासून चालू असते, साइट उघडते आणि जुना राउटर खराब होता अशी सगळ्यांची खात्री पटते. ग्राहकाचे पैसे गेले, आणि आपणही काही शिकलो नाही.

लक्षण एकीकडे आणि दोष दुसरीकडे, हे आपल्या क्षेत्राचे स्वरूपच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. बाहेरून पाहणाऱ्याला डीएनएस उत्तर देत नाही एवढेच दिसत होते. मूळ होते देखभालीच्या वेळी दिल्या गेलेल्या एका आज्ञेत. तिने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तोडले. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर डीएनएस सर्व्हरांनी, ठरवून दिल्याप्रमाणे, आपल्या बीजीपी घोषणा मागे घेतल्या. ज्या डीएनएसकडे सगळे बोट दाखवत होते ते सांगितलेलेच काम करत होते.

वेबसाइटच्या बाबतीत लक्षण आणि दोष यांच्यामध्ये काळाचेही अंतर पडते. लेट्स एन्क्रिप्टचे ९० दिवसांचे सर्टिफिकेट साधारणतः महिनाभर आधी आपोआप नूतनीकरणाला लागते. एचटीटीपीने पडताळणी होत असेल तर त्यासाठी पोर्ट ८० उघडे लागते. जूनमध्ये कुणी ते पोर्ट बंद केले, तर ब्राउझरवर लाल इशारा ऑगस्टमध्येही येऊ शकतो. ऑगस्टमध्ये जून कुणाच्या लक्षात असणार? सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२६, २०२७ आणि २०२९ च्या १५ मार्चपासून अनुक्रमे २००, १०० आणि ४७ दिवसांवर आणण्याचे सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले आहे. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपत आले, आणि मुकाट्याने बंद पडलेले स्वयंचलित नूतनीकरण ही आपली रोजची तक्रार होणार आहे.

होस्टिंग बदलतानाही तेच. नेमसर्व्हर बदलले, साइट उघडली, काम संपले असे मानले जाते. जुन्या झोनमधली एमएक्स नोंद नव्याकडे आणायची राहिलेली असते. एमएक्स नसली की मेल थेट वेबसाइटच्या सर्व्हरकडे जाते, तिथे ते खातेच नसते, आणि मेल परत फिरते. ज्याची ऑर्डर हुकली त्या व्यापाऱ्याला हे कळते ते गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर.

ग्राहकाचे काम खोळंबलेले असताना तपास कसा करत बसायचा, असे अनेक वाचक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचे म्हणणे असे: राउटरच्या दिव्यांचा फोटो, नेट बंद असलेल्या संगणकावरचा आयपीचा तपशील, एक ट्रेसराउट आणि मोबाइल डेटावरून साइट उघडते का याची खात्री, एवढे पाच मिनिटांत होते. ते हाती आल्यावर खुशाल रीस्टार्ट करा. आणि खरोखर फर्मवेअरच दमलेले निघाले, तर त्याची आवृत्ती आणि राउटर किती दिवस सलग चालू होता तेही लिहा.

प्रत्येक ग्राहकाची बदलांची वही हवी: कधी, कुणी, काय बदलले. तिच्यातल्या वेळा खऱ्या असायला हव्यात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग आणि एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळणारी घड्याळे मागितली, ती उगाच नव्हे. फायरवॉल आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत वीस मिनिटांचा फरक असेल तर दोघांचे लॉग शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

ही वही ग्राहकाची आहे, आपली नव्हे. डोमेन ग्राहकाच्या नावावर, नूतनीकरणाचा मेल ग्राहकाच्या पत्त्यावर, पासवर्ड ग्राहकाकडे. सल्लागार बदलला म्हणून दुकानदाराला स्वतःच्या नावाची साइट परत मिळत नाही, असे आजही घडते, आणि ते आपल्या व्यवसायाला लाजिरवाणे आहे. ग्राहक बांधून ठेवायचा तर चांगल्या निदानाने ठेवावा. त्या निदानाचे पैसेही स्पष्ट मागावेत. एएमसीत ‘भेटी’ मोजल्या जातात, म्हणून वारंवार येणारा बिघाड कुणाला खुपत नाही. करारात कारणाच्या लेखी अहवालाची वेगळी ओळ घाला.

पुढच्या अंकापासून आम्ही वाचकांच्या अशा नोंदींना दोन पाने देत आहोत. लक्षण काय होते, काहीही बदलण्याआधी काय दिसले, शेवटी दोष कुठे सापडला, एवढे लिहून पाठवा. ग्राहकाचे नाव आणि पब्लिक आयपी वगळा. दोष सापडला नसेल तरी पाठवा. अशा नोंदी आम्ही आधी छापणार आहोत.