दोन घरचा पाहुणा आणि प्रतीक्षा यादी



दरवर्षी गणेशोत्सवात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र, फोटो. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असतो. पण त्याच मांडवात मागच्या खुर्च्यांवर अशीही मुले असतात, ज्यांचे नाव उन्हाळाभर कुठल्यातरी प्रतीक्षा यादीत लटकले आणि शेवटी गळाले. हल्ली ती मुले मांडवात येतच नाहीत. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांना जागा नाही. म्हणून हे चार कडू शब्द.

घरचेच सांगतो. माझ्या नातीचा एका महाविद्यालयाच्या यादीत १४ वा क्रमांक होता. रोज देवपूजेच्या आधी मोबाइल उघडायचा. चौदाचा नऊ झाला, तेव्हा पेढ्यांची भाषा सुरू झाली. मग दोन आठवडे नऊचा आकडा हलला नाही. फोन केला तर एकच उत्तर, "वेबसाइट देखिए." एके दिवशी यादीच दिसेनाशी झाली. त्या जागा भरल्या की रिकाम्या राहिल्या, कुणाला मिळाल्या, आजवर कळलेले नाही. त्या दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकाने विचारले, "काय ठरलं गं तुझं?" आणि जाताना सल्ला दिला, "एवढं काय, पुण्याला पाठवून द्या!"

या सल्ल्यावरच माझा राग आहे. आडनाव मराठी आहे म्हणून पुण्याचे दार उघडत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, आणि त्यासाठी तिथला अधिवास लागतो, दहावी-बारावीही तिथूनच व्हावी लागते. इंदूरचे मूल तिथे परप्रांतीयच. यात अन्याय झाला म्हणून कुणी गळा काढू नये. राहिवासाप्रमाणे भेद करण्याचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो आपल्याच एम. जी. एम. मेडिकल कॉलेजातून. डी. पी. जोशी या दिल्लीच्या विद्यार्थ्याने मध्यभारताबाहेरच्यांकडून घेतल्या जाणाऱ्या कॅपिटेशन फीविरुद्ध दाद मागितली आणि १९५५ साली न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो नियम वैध ठरवला. ज्या कुंपणाने आपल्या मुलांना इथे सावली दिली, तेच तिकडे आडवे आले तर तक्रार कसली?

आपल्यातले काही जण म्हणतात, सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्र सवलत देतो, तशी आम्हालाही मागा. मला हे पटत नाही. त्या भागावर महाराष्ट्राचा दावा आहे. इंदूरवर कुणाचाही दावा नाही आणि नकोही. होळकरांच्या काळापासून आपण इथले आहोत. आपले राज्य मध्य प्रदेश, आपले हक्क इथले. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तो दोन्ही घरांच्या कंजूषपणामुळे नव्हे, त्याने एकाही घरात स्वतःचे ताट मांडले नाही म्हणून.

मग इथे आपण काय केले? १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा या शहराने सुमित्राताईंना लोकसभेत पाठवले. पुढे त्या लोकसभेच्या अध्यक्षाही झाल्या. आपण अभिमान बाळगला, हार घातले. पण समाज म्हणून प्रवेशप्रक्रियेबद्दल एक तरी लेखी मागणी आपण कुणा पुढाऱ्यापुढे ठेवली का? मागणी नाही, चिठ्ठ्या मात्र गेल्या. "आमच्या भाच्याचं जरा बघा." ही ओळख लावताना आपण कुणाला मागे ढकलतो? यादीत आपल्या पुढे उभ्या असलेल्या मुलाला. तो कदाचित आपल्याच वाड्यातला असेल.

"नशिबात असेल तर मिळेल" हे आपले दुसरे आवडते वाक्य. व्यापमं आठवा. जुलै २०१३ मध्ये पी. एम. टी.ला दुसऱ्याच्या नावावर बसायला आलेले तोतये आपल्याच शहरात पकडले गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या वर्षांतले ६३४ प्रवेश रद्द ठरवले. त्या प्रत्येक जागेमागे यादीत कुणीतरी प्रामाणिक मूल उभे होते. त्याच्या घरी काय म्हटले गेले असेल? "नशिबात नव्हतं." ते नशीब नव्हते, ती चोरी होती. आणि अंधारात ठेवलेली यादी हीच चोरीची पहिली सोय असते.

आपल्यापेक्षा मुले शहाणी. ४ मे २०२५ ला नीटच्या दिवशी वादळाने इंदूरच्या काही केंद्रांवर वीज गेली. मुले उच्च न्यायालयात गेली. एका न्यायमूर्तींनी फेरपरीक्षेचा आदेश दिला, पुढे खंडपीठाने तो रद्द केला. मुले हरली, पण नशिबाला बोल लावत घरी बसली नाहीत.

आता कार्यकारिणीला माझे सांगणे. एक, प्रत्येक फेरीनंतर किती जागा सुटल्या, कितव्या क्रमांकापर्यंत भरल्या आणि शेवटी किती रिकाम्या राहिल्या, हे महाविद्यालयांनी जाहीर करावे, अशी लेखी मागणी विद्यापीठाकडे आणि आमदार-खासदारांकडे करावी. दोन, सरकारी संस्था उत्तर देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज समाजाच्या खर्चाने लावावा. तीन, होळकर कॉलेज आणि जी. एस. आय. टी. एस.मधून निवृत्त झालेले प्राध्यापक आपल्यात आहेत. निकालापासून शेवटच्या फेरीपर्यंत त्यांनी रोज संध्याकाळी दोन तास समाजाच्या कार्यालयात बसावे. मूळ कागदपत्रे कुठलेही महाविद्यालय अडकवून ठेवू शकत नाही आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश सोडला तर फी परत मिळते, हा यू. जी. सी.चा २०१८ चा नियमही किती पालकांना ठाऊक आहे? या भीतीनेच लोक हातची जागा घेत नाहीत आणि यादीतल्या आकड्याकडे डोळे लावून बसतात.

पालकांनाही एक विनंती. यादी हलते ती वरची मुले दुसरीकडे गेली म्हणून. तो क्रमांक म्हणजे आपल्या मुलाची किंमत नव्हे. हाती आहे ती जागा घ्या, वर्ग सुरू करू द्या आणि घरी आलेल्यांना निकाल विचारू देऊ नका.

आणि पुढच्या गणेशोत्सवात शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात दहा मिनिटे या मुलांसाठी ठेवा. सत्कार नको, त्यांना फक्त बोलू द्या. आपण ऐकू.