गर्दीत गाडी तापते तेव्हा



भोकर तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र आमच्यापुढे आहे. सेंट्रिंगच्या कामावर ते गुत्तेदाराकडे नांदेडला जातात. शंभर सीसीची जुनी मोटारसायकल आहे आणि घरात वाहन म्हणून तेवढेच. ते लिहितात, ‘भोकरहून नांदेडपर्यंत पन्नासेक किलोमीटर गाडी काही तक्रार करीत नाही. पण बाजाराच्या दिवशी गावातून बाहेर पडताना, नाहीतर नांदेडच्या गर्दीत शिरले की दहा-पंधरा मिनिटांत इंजिन भट्टीसारखे होते. गिअर पडत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि मग गाडी बंदच पडते. मिस्त्री म्हणतो, इंजिन उघडून बोअर करावे लागेल. त्यापेक्षा विकून टाकू का?’

आमचे उत्तर आधीच देऊन टाकतो. विकू नका, आणि इंजिनही इतक्यात उघडू नका. जी गाडी पन्नास किलोमीटर सरळ धावते आणि चौकात उभी राहिली की तापते, तिचे दुखणे बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसते. तिला वारा मिळत नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण काय असावे याचा आम्हाला अंदाज आहे, कारण ती चूक आम्ही स्वतः केलेली आहे. ते पुढे सांगतो.

इंजिनाभोवती पातळ पात्यांची जी चळत दिसते, ती शोभेसाठी नसते. आत पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा त्याची उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते. शंभर रुपयांचे पेट्रोल टाकले तर त्यातले साधारण पंचवीस रुपयांचे चाक फिरवण्याच्या कामी येते. बाकीच्याची उष्णता होते. ती थोडी सायलेन्सरवाटे जाते आणि थोडी या पात्यांवरून वाऱ्याला दिली जाते. गाडी पळत असली की समोरून वारा आपोआप लागतो. बैलगाडीच्या मागे पायरीपायरीने सरकू लागलो की वारा थांबतो, आतला भडका मात्र चालूच राहतो.

पुण्याला वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. लोक तिला एआरएआय म्हणून ओळखतात. गाड्यांच्या धुराची आणि मायलेजची तपासणी तेथे होते. रोलरवर उभी करून गाडी पळवतात तेव्हा तिच्या पुढे मोठा पंखा लावून वारा सोडतात, कारण जागेवर उभ्या गाडीला वारा दिला नाही तर ती तापणारच, हे त्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. भोकरच्या चौकात आपल्यापुढे पंखा घेऊन कोण उभे राहणार?

आता आमची चूक. दरवर्षी पौष पौर्णिमेला अर्धापूर तालुक्यात दाभडच्या बावरीनगरला धम्म परिषद भरते, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. मागे एका वर्षी आम्ही सहकुटुंब मोटारसायकलवर निघालो. भोकरहून बारडमार्गे भोकरफाट्यापर्यंत गाडी सुरेख आली. हवा थंड, अंगात स्वेटर. फाट्यापासून पुढे गर्दी. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, पायी चालणारी मंडळी. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, पाय जमिनीला घासत आम्ही तासभर सरकत होतो. पत्नी दोनदा म्हणाल्या, ‘अहो, तेल जळाल्याचा वास येतोय.’ आम्ही म्हणालो, पुढच्या ट्रॅक्टरचा असेल. थंडीत गाडी कशाला तापेल, असा आमचा हिशेब. तिसऱ्यांदा त्यांनी सांगायच्या आत गाडी बंद पडली आणि किकही दाबेना.

एक उत्साही पोरगा पाण्याची बाटली घेऊन धावला, इंजिनावर ओतायला. शेजारच्या पालाखाली एक वयस्क मिस्त्री बसले होते. ते ओरडले, ‘ए बाबू, थांब! तापल्या तव्यावर पाणी टाकतो काय? फुटंल ना!’ मग आमच्याकडे वळून विचारले, ‘भाऊ, ऑइल कधी बघितलं होतं?’ आम्हाला आठवेना. वीस-पंचवीस मिनिटे गाडी सावलीत उभी राहू दिली. मग त्यांनी ऑइलची कांडी काढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. कांडीच्या टोकालाही ऑइल लागले नव्हते. मग प्लग काढला. तो पांढराफटक. ‘कार्बोरेटर कुणी कसलं?’ हा दुसरा प्रश्न.

ते आम्हीच कसून घेतले होते. आमच्यासारखा पगार हाती येणाऱ्या माणसाला गाडीचे ॲव्हरेज हाच मोठा देव. गावातल्या एका गॅरेजवाल्याला आम्ही आपण होऊन म्हटले होते, ‘ॲव्हरेज वाढवून दे.’ त्याने स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केले, हवा वाढवली. लिटरमागे चार-पाच किलोमीटर जास्त मिळाले, आम्ही खूश. पण पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन अधिक तापते. पेट्रोल आत येताना थोडी उष्णता शोषून घेते, ते येणेच आपण कमी केलेले असते. त्यात ऑइल कमी. वाचवलेले पेट्रोलचे पैसे पुढे रिंगा आणि पिस्टनला गेले. वर एका महिन्याच्या किराण्याएवढे उसने घ्यावे लागले. पत्नींनी तो हिशेब वहीत लिहून ठेवला आहे, अजून फाडलेला नाही.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या बंधूंना आमचे पहिले सांगणे: प्लग काढून त्याचा रंग पाहा. तपकिरी, विटकरीसारखा असेल तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते. पांढरा, राख उडाल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडते, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला भेग पडून तेथून हवा ओढली जाते. हा जोड आपल्या उन्हात लवकर तडकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला त्यामुळे मिश्रण थोडे पातळच पडते. तेव्हा आता तरी ॲव्हरेजसाठी स्क्रू कसण्याचा मोह सोडावा. २०२० च्या एप्रिलनंतरच्या नव्या गाड्यांत कार्बोरेटर जवळपास गेलाच आहे. तेथे हा खेळ करताच येत नाही, हे एक बरे झाले.

दुसरे ऑइल. शंभर सीसीच्या गाडीत ऑइल जेमतेम एक लिटर, काहींत त्याहूनही कमी. तेवढ्यावर इंजिन, क्लच आणि गिअर तिन्ही चालतात, आणि इंजिनाच्या आतली उष्णता वाहून बाहेरच्या लोखंडापर्यंत आणण्याचे कामही तेच करते. त्यात पावशेर कमी झाले तर फरक पडणारच. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी लावावी, दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावी, मग थोडे थांबून कांडी पुसून तपासावी. बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांत कांडी आटे न कसता नुसती टेकवून पाहायची असते. कसून पाहिली तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि आपली फसगत होते. काही गाड्यांना बाजूला काचेची खिडकी असते, तेथे कांडीची गरज नाही. ऑइल बदलण्याचे किलोमीटर गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. पण जी गाडी रोज गर्दीत आणि धुळीत चालते, तिचे त्याच्या थोडे आधीच बदलावे. स्वस्त पडते म्हणून कारचे ऑइल टाकू नये, क्लच घसरू लागतो. डब्यावर मोटारसायकलचे चित्र आणि पुस्तकातला नंबर, दोन्ही पाहून घ्यावे.

पुस्तक हरवले असेल तर? बहुतेकांचे हरवलेलेच असते. ज्या कंपनीची गाडी, तिच्या दुकानात विचारले तर नंबर तोंडी सांगतात.

आता प्रत्यक्ष गर्दीत काय करावे. रांग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबणार असे दिसले की सरळ किल्ली फिरवावी. ‘पुन्हा चालू करायला जास्त पेट्रोल लागते’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. २०१४ साली हीरो कंपनीने स्प्लेंडर आयस्मार्ट काढली, तिच्यात गाडी थांबून न्यूट्रल झाली की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. पेट्रोल वाया जात असते तर कंपनीने ती सोय पेट्रोल वाचवण्यासाठी दिली नसती. सरकायचे असेल तेव्हा पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग क्लच पूर्ण सोडून एकदाच जावे. अर्धा क्लच दाबून इंच इंच सरकण्याने क्लचप्लेटा घासतात आणि त्यांची उष्णता त्याच ऑइलमध्ये उतरते. क्लचच्या दांडीला टोकाशी बोटभर मोकळा खेळ असावा. तो नसेल तर हात सोडला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मागचा ब्रेकही असाच. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहा. लगेच थांबत असेल तर ब्रेक किंवा चेन घट्ट आहे आणि इंजिन दिवसभर विनाकारण ओढते आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा रांग फारच लांबली तर उतरून गाडी ढकलत न्यावी. त्यात कमीपणा कसला? मंडळी सोबत असतील तर त्यांनी कडेने चालत पुढे जाऊन सावलीत थांबावे.

इंजिन तापून बंद पडलेच तर किकवर किक मारीत बसू नये. सावली पाहावी, निदान वीस मिनिटे थांबावे, पाणी ओतू नये. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर ते तडकते किंवा वाकते. ज्या गाड्यांना रेडिएटर आणि पाणी असते, त्यांचा पंखा बंद केल्यावरही फिरत राहतो, ते बिघडल्याचे लक्षण नव्हे. मात्र गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते.

आता एक गोष्ट तरुणांशी बोलायची आहे. ती कटू लागेल, तरी बोलतो. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत काही मुले सायलेन्सरची आतली जाळी काढून, गाडी जागेवर उभी करून नुसती रेस करतात. फटाफट आवाज येतो, पोरांना मजा वाटते. एप्रिलचे ऊन, वारा नाही, इंजिन पूर्ण वेगात आणि गाडी जागच्या जागी. इंजिन मारण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हाला माहीत नाही. ती गाडी बहुधा बापाने हप्त्यावर घेतलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तोच बाप तिच्यावर कामाला जाणार असतो. बाजूला आजीच्या कडेवर लेकरू कान दाबून रडत असते, ते वेगळेच.

लेकरांचा विषय निघाला म्हणून सांगतो. गर्दीत तापलेल्या गाडीचा सायलेन्सर मुलांच्या पोटरीला लागतो, हा चटका घरोघरी ओळखीचा आहे. मुलांना नेहमी सायलेन्सर नसलेल्या बाजूने चढवावे-उतरवावे. चटका बसलाच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे पाय धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखान्यात न्यावे.

शेवटी साफसफाई. आपली काळी माती पावसाळ्यात पात्यांच्या फटीत जाऊन बसते आणि वाळून विटेसारखी होते. मग वारा असूनही लागत नाही. गाडी पूर्ण गार झाल्यावर पाण्याने भिजवून जुन्या ब्रशने त्या फटी मोकळ्या कराव्यात, खिळ्याने किंवा पान्ह्याने खरवडू नयेत. लेगगार्डला बांधलेले फ्लेक्सचे कापड, दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्या, पुढे अडकवलेला दुधाचा कॅन, हे सगळे वाऱ्याच्या वाटेत येते. सामान मागे बांधावे. साडीचा पदर आणि ओढणी मात्र मागच्या चाकापासून दूर आवरून घ्यायला सांगायचे विसरू नका.

मराठवाड्यातली आपली किती तरी मुले वाळूजच्या कारखान्यांत कामाला आहेत. सुटीत गावी आलेल्या अशा मुलाला एखाद्या रविवारी घरी बोलवा, चहा पाजा आणि शेजारच्या दोन-चार गाड्यांचे प्लग एकत्र काढून पाहा. गॅरेजात जाण्याआधी आपल्याला काय विचारायचे ते त्यातून कळते.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी हे क्रमाने करावे: आधी ऑइल, मग प्लग, मग रबरी जोड, मग क्लच आणि मागचा ब्रेक, मग पाती. हे सगळे करूनही गाडी गर्दीत तापली, आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असला, तर मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे असे समजून बोअरच्या कामाचा भाव दोन ठिकाणी विचारावा. निळा धूर नसेल तर इंजिन उघडू देऊ नये. प्लगचा रंग काय निघाला, ते आम्हाला पोस्टकार्डाने जरूर कळवावे.