कढईवाचून डोनट

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आम्ही इंदुरास आमच्या भाच्याच्या बिऱ्हाडी उतरलो होतो. इंदूर हे काही बेताने खाण्याचे गाव नव्हे. तेथील सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे जिलब्या, मालपुवे व गराडू यांच्या कढया चढतात. माव्याच्या गोळ्यात सुकामेवा भरून, तळून पाकात सोडलेली मावाबाटी तर माळव्याची खासच. तेव्हा सारण भरलेले गोड तळण त्या नगरीस नवे नाही, आणि करंजी करणाऱ्या आपल्या घरांसही नाही. परंतु भाच्याच्या मुलांस हवे होते डोनट, तेही आत जॅम भरलेले.

त्या घरात आमच्या थोरल्या आक्का असतात. त्यांना कित्येक वर्षांचा मधुमेह असून डॉक्टरांनी तळणही वर्ज्य केले आहे. त्यांच्यासाठीच घरात एअर फ्रायर आला. मुलांचा हट्ट कानी पडताच आक्का आमच्या भाचेसुनेस म्हणाल्या, "अगं, त्यात तेल नसतं ना? मग मला एक चालेल." भाचेसुनेने आमच्याकडे पाहिले. आम्हीही निरुत्तर झालो.

या पक्वान्नाचा उपवासकाळाशी जुना संबंध आहे. पूर्वी युरोपात चाळीस दिवस अंडी, लोणी व चरबी वर्ज्य असे. म्हणून घरातील साठा आधीच संपविण्यासाठी अशी तळणे होत. पोलंडमध्ये राखेच्या बुधवारपूर्वीच्या गुरुवारी जॅम भरलेली 'पाँचकी' आजही खातात. जर्मनीच्या बऱ्याच भागांत याच जातीच्या पदार्थास 'बर्लिनर' म्हणतात. प्रत्यक्ष बर्लिनकर मात्र त्याला दुसऱ्याच नावाने ओळखतात! योगायोग असा की, फिलिप्स कंपनीने आपला एअर फ्रायर 2010 साली प्रथम मांडला तो बर्लिनच्याच प्रदर्शनात.

यंत्राचे नाव मात्र फसवे आहे. ते तळत नाही. वर तापणारी तार आणि तिच्यामागे पंखा, एवढाच त्याचा संसार. म्हणजे ती एक लहान व चपळ भट्टीच होय. तापलेले तेल पिठाच्या गोळ्यास हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता देते. त्यामुळे साल झटकन धरते, गोळा फुगून तरंगतो आणि त्याच्या कमरेभोवती फिकट पट्टा राहतो. वाहत्या गरम हवेत हे घडत नाही. उलट ओलावा उडून जातो. भाचेसुनेने पहिला घाणा 200 अंशांवर, लोणी न लावता काढला. जे निघाले त्यास पाव म्हणणेही धाडसाचे होते. (वसईकडील भगिनींस येथेच सांगून ठेवतो की, फुग्यांचे पीठ या यंत्रात घालण्याच्या भरीस पडू नये. मुठीतून सोडायचे ते सैल पीठ जाळीतून खाली गळेल. त्यास तेलच हवे.)

दुसरा घाणा साधला. त्याचे प्रमाण असे: मैदा 250 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, कोरडे यीस्ट 5 ग्रॅम, मीठ पाऊण चहाचा चमचा, एक अंडे, कोमट दूध सुमारे 110 मिलिलिटर आणि मऊ लोणी 40 ग्रॅम. दूध बोटास सोसेल इतपतच कोमट असावे. कढत दुधाने यीस्ट मरते. लोणी शेवटी घालून दहा-बारा मिनिटे चांगले मळावे. पीठ हातास किंचित चिकटते, पण म्हणून वरून मैदा पेरीत बसू नये. कोरड्या पिठाचा डोनट कोरडाच होतो. झाकून ठेवावे व दुप्पट झाले की आठ गोळे करावे. चौकोनी कागदाच्या तुकड्यांवर ते पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यावे. थंडीत याहून अधिक वेळ लागतो. मग हलक्या हाताने वितळलेले लोणी लावून, आधी तापविलेल्या यंत्रात 170 अंशांवर सहा ते आठ मिनिटे ठेवावे. एका वेळी चारच ठेवावे; दाटीने ठेवल्यास हवा खेळत नाही. बाहेर काढताच पुन्हा लोण्याचा हात फिरवून पिठीसाखरेत घोळवावे.

सारण मागाहून भरावयाचे. करंजीप्रमाणे आधी भरले तर जॅम उकळून शिवण फोडतो आणि तळाशी जळतो. डोनट पुरता निवला की बाजूने काडी खुपसून आत जागा करावी. दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून सारण दाबावे. आम्ही अर्ध्यांत पेरूची जेली भरली आणि अर्ध्यांत वेलदोडा घातलेला, दुधाने सैल केलेला मावा. इंदुरास मावा उत्तम मिळतो. जेलीपेक्षा तोच आम्हांस अधिक रुचला.

यंत्राचा खरा लाभ आम्हांस निराळाच वाटतो. कढईभर तेल उरत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापविण्याचा मोहही होत नाही. तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक घटक वाढतात. अशा 'ध्रुवीय संयुगां'चे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकास वापरू नये, असा नियम भारतात 1 जुलै 2018 पासून लागू आहे. शिवाय लहान मुले पायांत घुटमळत असता चुलीवर कढत तेल नसते. विजेचेही फार लागत नाही; 1500 वॅटचे यंत्र वीस मिनिटे सतत चालले तरी अर्धे युनिट. मात्र त्यास जाड पिनांचा सॉकेटच हवा. घरातील जुनाट तारेवर ते लावू नये.

आता आक्कांचा प्रश्न. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका डोनटात मैदा 31 ग्रॅम, पिठातली साखर सुमारे 4 ग्रॅम, वर घोळविलेली निराळी, आणि मोठा चमचाभर जेली, जिच्यात निम्म्याहून अधिक साखरच. मैद्याचीही शरीरात साखरच होते. यंत्राने तेल वगळले. यांपैकी काहीही वगळले नाही. हे आक्कांस सांगणे जड गेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे यंत्र माझ्या नावानं आणलं आणि खाणार तुम्ही!"

यावर आम्हांस काही बोलता आले नाही. भाचेसुनेने डॉक्टरांस फोन लावला. अखेर ठरले ते असे: एक डोनट साखरेत न घोळविता आणि सारण न भरता ठेवावा, त्यातला अर्धा आक्कांनी रात्रीच्या जेवणात पोळीऐवजी घ्यावा, जेवणावर आणखी नव्हे. आक्कांनी तो अर्धा चहाच्या बशीत घेऊन सावकाश खाल्ला आणि उरलेला अर्धा धाकट्या नातवाच्या ताटात सरकविला. त्याने तो उघडून पाहिला आणि आत काहीच नाही म्हणून परत केला.