हातगुण आणि हुंडी

माझं सहसा कुणाशी भांडण होत नाही. काउंटरच्या आत बसणाऱ्याला ते परवडत नाही. पण ‘हातगुण’ या शब्दाशी मात्र माझं जाहीर भांडण आहे.

झालं असं, गेल्या जूनमध्ये मी माजलगावच्या आठवडी बाजारातून वांग्याची दोन डझन रोपं आणली. नुसती जुडी, मुळं उघडी, वर ओलं फडकंसुद्धा नाही. रविवार म्हणून आधी जेवलो आणि भर दुपारी परसात लावली. लावली कसली, पुरली! संध्याकाळी सगळ्यांनी माना टाकल्या, त्या पुन्हा वर झाल्या नाहीत. आईनं वाफ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “धाकटी शिवली काय रे रोपाला?”

धाकटी चौदा वर्षांची. तिला कालच कावळा शिवला होता. तिनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला, एवढाच तिचा गुन्हा. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून परसात आली की वाफ्याला लांबून वळसा घालून जाऊ लागली. ते मला बघवेना.

कॅश कमी भरली तर आम्ही आधी व्हाउचरं तपासतो, दारात कोण उभं होतं ते नाही. इथली व्हाउचरं अगदी स्पष्ट आहेत. रोप पाणी पितं ते केसासारख्या बारीक मुळांनी. उपटताना नेमकी तीच तुटतात. वरची पानं मात्र उन्हात पाणी उडवीतच राहतात. जमा बंद आणि नावे चालू! असलं खातं किती तास चालणार? म्हणून जाणता माणूस आधी वाफा भिजवतो, मातीसकट रोप उचलतो, ऊन उतरल्यावर लावतो, लगेच पाणी देतो आणि चार दिवस वर सावली धरतो. मुळाभोवतीच्या त्या मातीच्या गोळ्याला म्हणतात हुंडी. हा शब्द ऐकून माझ्यातल्या बी.कॉम.ला गहिवरून आलं. हुंडी फुटली की रोप वटत नाही, इतकं सरळ आहे. यात विटाळाचा रकाना कुठंच नाही.

आणि शेतात लावणी करतं कोण? बायाच ना? मजुरी द्यायची असली की कुणी कुणाचा कावळा विचारत नाही. शेताला विटाळ होत नाही, तो फक्त आमच्या चार वाफ्यांना होतो! २०१९ साली सरकारनं तीन महिन्यांत ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं, तेव्हाही हातगुण तपासायला समिती नेमल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि समितीची संधी सरकार सहसा सोडत नाही.

पुढच्या महिन्यात सौ.नं मुद्दाम ‘त्याच’ दिवसांत धाकटीला परसात बसवलं. रोपवाटिकेतली ट्रेमधली बारा रोपं, संध्याकाळची वेळ, हुंडी शाबूत. बारांतली अकरा लागली. आता वांगी खाऊन कंटाळा आलाय.

आई अजून विचारते, “मग बारावं का गेलं?”

बारावं मी लावलं होतं.