कुत्रा न्यावा, पण मोकळा नको



एटापल्लीच्या जंगलवाटांवर कुत्र्याला मोकळे सोडून फिरवावे, परदेशात असेच चालते, असे मागील अंकातील एका पत्रात सुचवले आहे. पत्रलेखकाची कुत्र्यावरची माया खरी आहे. सल्ला मात्र धोक्याचा आहे.

परदेशाचेच बोलायचे तर नेदरलँड्समध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरील अनेक राखीव भागांत कुत्रा दोरीनेच न्यावा लागतो, कारण तिथे पक्षी जमिनीवर घरटी करतात. आपल्या कोकणातही वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी कुंपणात राखावी लागतात. उघड्यावर राहिली तर कुत्री आणि कोल्हे ती उकरून खातात.

जंगलात रोगाचाही प्रश्न आहे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये आढळणारा हा रोग वाघ, बिबट्या आणि रानकुत्र्यांनाही होतो.

शिवाय अस्वल आहेच. मोकळा कुत्रा त्याच्यावर भुंकत जातो, ते अंगावर आले की शेपूट घालून धन्याकडे धावतो आणि अस्वल मागोमाग येते. बिबट्याला तर कुत्रा म्हणजे सोपी शिकार.

मोह वेचायला जाणाऱ्यांसोबत कुत्री असतात, हे खरे. पण ते पोटापाण्याचे काम आहे, तिथली माणसे रान ओळखून असतात. हौसेने फिरणाऱ्यांनी कुत्र्याला आधी रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी टोचून घ्याव्यात, गावालगतच्या रस्त्यावर दिवसाउजेडी फिरवावे, दोरी हातातून सोडू नये. भामरागड, चपराळा अभयारण्यांत किंवा ताडोबात मात्र पाळीव कुत्रा नेऊच नये.

— एक वाचक, एटापल्ली