‘एम्प्टी’ : प्रश्न की आज्ञा?

संगणकाच्या भाषांकडे साहित्याच्या अभ्यासकाने फिरकू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. तो मोडावासा वाटला, याला कारण ‘एम्प्टी’ हा शब्द.

‘सी प्लस प्लस’ या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत माहिती साठवण्यासाठी व्हेक्टर, लिस्ट अशी पात्रे असतात. पात्र रिकामे आहे का, हे विचारायचे तर ‘एम्प्टी’ लिहायचे. ते रिकामे करायचे तर ‘क्लिअर’. आता इंग्रजीत ‘एम्प्टी’ हे विशेषणही आहे आणि क्रियापदही, शिवाय आज्ञार्थाला वेगळा प्रत्यय नाही. प्रश्न आणि आज्ञा यांचा चेहरा एकच!

समजा, एका तुकडीचे निकालपत्रक छापून झाल्यावर गुणांची यादी रिकामी करायची म्हणून कोणी ‘एम्प्टी’ लिहिले. यंत्र तो प्रश्न समजते आणि ‘नाही’ असे उत्तर देते. ते उत्तर कोणी घेत नाही. पुढच्या तुकडीचे गुण जुन्या गुणांच्या खाली जाऊन बसतात आणि प्रोग्रॅम कुठेही अडत नाही. १९९८च्या पहिल्या प्रमाणकात हे नाव होते. ‘एम्प्टी’चे उत्तर वाया गेले तर कंपायलरने इशारा द्यावा, यासाठी ‘नोडिस्कार्ड’ ही खूण तिथे लागली ती थेट २०२०च्या प्रमाणकात. जावाने मागे ‘इज’ जोडून हा घोळ आधीच टाळला होता.

(‘एम्प्टी’ हा वेगळा प्रश्न असणे मात्र शहाणपणाचे. सभागृह रिकामे आहे का, हे दारातूनच दिसते. माणसे मोजावी लागत नाहीत. लिस्टची लांबी विचारली तर २०११पूर्वी काही ठिकाणी एकेक घटक खरोखरच मोजला जाई.)

मराठीत हा घोटाळा होऊ शकत नाही. ‘रिकामे’ हे विशेषण, ‘रिकामे कर’ ही आज्ञा आणि ‘रिकामे आहे का’ हा प्रश्न. तरीही आपले परिभाषाकार इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द मांडून मोकळे होतात. त्यांनी ‘एम्प्टी’समोर ‘रिक्त’ लिहिले, की कचरापेटी रिकामी करण्याच्या बटणावरही तोच शब्द बसणार, आणि पेटी रिकामी आहे असे समजून वाचणारा ते बटण दाबणारच नाही. परिभाषेच्या कोशात अशा शब्दांपुढे व्याकरणिक कोटी आणि वापराचे एक वाक्य असलेच पाहिजे. हे काम अभियंत्यांचे नाही, मराठी विभागांचे आहे.